संमेलनांच्या गावाला नित्याची बैठक हवी

एप्रिल २०१७मध्ये जयंत सावरकर यांच्या अध्यक्षतेखाली ९७वे अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, भरले, आणि त्याला पुरती तीन वर्षेही लोटली नाहीत तोच, १० ते १२ जानेवारी २०२० ह्या तीन दिवसांत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही ह्याच गावात झाले. ना. धों. महानोर उद्घाटक होते. एका ख्रिस्ती धर्मगुरूची अध्यक्षपदी निवड झाली म्हणून राज्यात काही ठिकाणांहून विरोधाचे सूर उमटत असताना, ज्या गावाकडे शासनाच्या कागदोपत्री दुष्काळी आणि मागास हीच बिरुदे वर्षानुवर्षे होती, त्या गावाने संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव दिले, पाहुण्यांची सरबराई केली आणि ठरल्या तारखांना संमेलन पार पाडले, ही गोष्ट धाराशिवकरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे. परंतु मांडव उतरल्यानंतर, म्हणजे ज्या दिवसापासून गावाच्या वाङ्मयीन आयुष्याला खरा प्रारंभ व्हायला हवा होता त्या दिवसापासून पुढे, ह्या दोन अधिवेशनांनी जागवलेल्या औत्सुक्याचे रूपांतर नित्याच्या कोणत्या व्यवहारात झाले, हा प्रश्न विचारला तर समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्यांच्याकडे ते असावे अशी अपेक्षा करावी त्यांच्याकडूनही ते मिळत नाही.

ह्या प्रश्नाचा विचार करताना मला वारंवार अमेरिकेतील आयोवा सिटी ह्या गावाचे उदाहरण आठवते. आयोवा हे मक्याच्या शेतीचे, आपल्याकडच्या अर्थाने खेडवळ म्हणावे असे राज्य. त्यातील ह्या विद्यापीठनगरीची लोकवस्ती २०२०च्या शिरगणतीप्रमाणे सुमारे ७५ हजार, तर आपल्या धाराशिव शहराची २०११च्या जनगणनेतच १ लाख १२ हजारांच्या आसपास. म्हणजे आकाराने ते गाव आपल्याहून लहान आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. ह्या लहान गावातील विद्यापीठाने १९३६मध्ये लेखनाची कार्यशाळा सुरू केली, आणि कथा-कविता लिहिणे हा पदवीच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो असे त्या काळी धाडसाचे वाटणारे मत प्रत्यक्षात आणून दाखवले. पुढे १९६७मध्ये पॉल एंगल आणि हुआलिंग निए यांनी तेथेच आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रम सुरू केला. त्यानिमित्त जगातील नाना भाषांचे लेखक त्या गावी काही महिने येऊन राहू लागले, आणि आपले दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ ह्या काळात त्याच उपक्रमाचे पाहुणे होते. २००८मध्ये युनेस्कोने आयोवा सिटीला साहित्यनगरी म्हणून मान्यता दिली, तेव्हा एडिंबरा आणि मेलबर्न ह्या दोन बड्या शहरांनंतर हा मान मिळवणारे ते जगातील तिसरे शहर ठरले.

मान्यता ही फलश्रुती झाली. तिच्यामागचा व्यवहार अधिक पाहण्यासारखा आहे. कार्यशाळेत होते ते एवढेच, की ठरलेल्या दिवशी एका विद्यार्थ्याच्या कथेची किंवा कवितांची प्रत सर्वांना आगाऊ वाटली जाते, सगळे ती घरून वाचून येतात, आणि मग टेबलाभोवती बसून तिच्यावर चर्चा करतात. त्या वेळी लेखकाने मौन पाळायचे आणि ऐकून घ्यायचे असा दंडक असतो. एवढ्यासाठी ना मांडव लागतो, ना स्वागताध्यक्ष लागतो, ना स्मरणिका छापावी लागते. त्या गावात १९७८मध्ये उघडलेले प्रेअरी लाइट्स नावाचे पुस्तकांचे एक दुकान आहे, तेथे लेखक येऊन आपले लेखन वाचून दाखवतात आणि गावकरी विनामूल्य ऐकतात. विद्यापीठाचे फाटक आणि गावाचा रस्ता ह्यांच्यामध्ये तेथे भिंत राहिलेली नाही. प्राध्यापक, विद्यार्थी, दुकानदार आणि निवृत्त गृहस्थ एकाच वाचनाला एकाच बाकावर बसतात, आणि हे वर्षातील तीन दिवस नव्हे, तर आठवड्यामागून आठवडे चालते.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या गावांचे मराठीवरील ऋण आजचे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकर हे इथॅका ह्या लहानशा गावातील कॉर्नेल विद्यापीठात शिकले, तेथेच जातिसंस्थेवरील त्यांचा इंग्रजी प्रबंध सिद्ध झाला, आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी ज्ञानकोशाचे अवाढव्य कार्य हाती घेऊन तडीस नेले. ह्याच केतकरांच्या अध्यक्षतेखाली १९३१चे साहित्य संमेलन हैदराबादेस भरले, त्या वेळी आपला जिल्हा निजामाच्या अंमलात होता. विलास सारंगांनी ब्लूमिंग्टन येथील इंडियाना विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. ही माणसे तेथे केवळ ग्रंथालयाच्या ओढीने गेली असे मला वाटत नाही. विद्येचा आणि कलेचा नित्य व्यवहार जेथे गावाच्या अंगवळणी पडलेला असतो, त्या हवेचाही त्यांच्या मनावर संस्कार झाला असला पाहिजे.

ह्यावर पहिला आक्षेप असा येईल, की ते राष्ट्र धनाढ्य आहे, त्यांच्या विद्यापीठांच्या ठेवी आपल्या अंदाजपत्रकांहून मोठ्या आहेत, तेव्हा त्यांची बरोबरी आपण कशी करावी? आक्षेपात तथ्य आहे. परंतु पैशाची गोष्ट काढायचीच तर तीही पुरती सांगावी: २०२५मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आयोवाच्या त्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचे अनुदान काढून घेतले, आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ चाललेल्या कामाला त्याचा जबर फटका बसला. एकाच खजिन्यावर विसंबलेली संस्था तेथेही सुरक्षित नसते. आणि आपल्याकडे पैसा नाही असे म्हणावे, तर साहित्य संमेलनाला मिळणारे शासकीय अनुदान २०२०मधील ५० लाखांवरून पुढे २ कोटींवर गेले आहे. तीन दिवसांसाठी एवढी रक्कम मंजूर होऊ शकते, तर तिच्या अल्पशा हिश्शात एखाद्या जिल्ह्याच्या गावची वर्षभराची बैठक चालवता येणार नाही, हे मानायला मी तयार नाही. मुद्दा रकमेचा कमी आणि तिच्या विनियोगाच्या सवयीचा अधिक आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो, कारण तो बाहेरच्यांपेक्षा आपलीच माणसे घेतात. इथे आहे काय, असे ती म्हणतात. ह्या जिल्ह्यात काय आहे ते एकदा सावकाश पाहावे. तेरणेच्या काठचे तेर म्हणजे प्राचीन तगर; इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस ह्या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील ह्या नगराचा उल्लेख असून, तेथून मलमल आणि जाडेभरडे कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे, असे त्यात नमूद आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी आयुष्यभर जमवलेल्या पुराणवस्तूंतून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय आज शासनाच्या ताब्यात आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साधर्म्य इटलीत पाँपेईच्या उत्खननात मिळालेल्या मूर्तीशी आहे, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. त्याच तेरमध्ये विटांचे, गजपृष्ठाकृती छपराचे त्रिविक्रम मंदिर उभे आहे. आणि त्याच मातीत गोरोबाकाका होऊन गेले, ज्यांनी संतांच्या मेळ्यात थापटणे हाती घेऊन कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते ह्याची परीक्षा केली अशी कथा वारकऱ्यांच्या तोंडी आहे. आयोवाच्या टेबलाभोवती बसून जे केले जाते, त्याची ही सातशे वर्षांपूर्वीची, मराठी मनाला अधिक परिचित अशी बैठक होय. आणि तीत नामदेवांसारख्या श्रेष्ठालाही कच्चेपणाचा निर्णय ऐकून घ्यावा लागला, हे विसरू नये.

नळदुर्गाकडे वळावे, तर बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल उभारण्याची कल्पना दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात प्रत्यक्षात आली. हा विजापूरचा सुलतान स्वतः संगीताचा उपासक होता. दखनी भाषेतील त्याच्या किताब-ए-नवरस ह्या गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपती ह्यांना वंदन आहे, तसेच गुलबर्ग्याच्या बंदेनवाज गेसुदराजांनाही आहे. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागले म्हणजे छायाचित्रे काढण्यासाठी मोटारींची रांग लागते, ह्याचा आनंदच आहे. पण त्या महालाच्या कर्त्याने गाण्यावर पुस्तक रचले होते, आणि सूफी परंपरेतील कव्वाली आजही धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाजींच्या उरुसात ऐकू येते, हे त्या रांगेतील किती जणांना कोणी सांगितले असेल?

तुळजापूरचा विषय निघाला की माझी लेखणी थांबत नाही, आणि वाचकांनी ती क्षणभर थांबवूही नये. शारदीय नवरात्रात देवीसाठी जो पलंग येतो तो पुणे जिल्ह्यातील घोडेगावी तयार होतो आणि जुन्नर, नगर अशा वाटेने मजल दरमजल करीत तुळजापुरास पोहोचतो. पालखी येते ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून. दसऱ्याच्या पहाटे देवीची चल मूर्ती त्या पालखीतून सीमोल्लंघन करते आणि मग पौर्णिमेपर्यंत त्या पलंगावर श्रमनिद्रा घेते. सुतार, तेली, गोंधळी, आराधी, पुजारी, सगळ्यांचे हक्क आणि सगळ्यांची सेवा ज्यात पिढ्यानुपिढ्या ठरलेली आहे, असे हे तीन जिल्ह्यांवर पसरलेले नाट्यच होय, आणि त्यात प्रेक्षक व पात्र असा भेद उरत नाही. कदमराई शाखेचा गोंधळी कंबरेला संबळ बांधून उभा राहतो तेव्हा त्या जोडीतील एक वाद्य मोठे आणि एक लहान असते, आणि दोन काठ्यांपैकी एकीचे टोक वाकवलेले असते. ह्या वाकड्या काठीच्या आघाताने संबळाला जो घुमारा येतो तो सरळ काठीने येत नाही, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते बापाच्या मनगटातून मुलाच्या मनगटात येते, आणि मुलगा पुण्याच्या कारखान्यात कंत्राटी कामावर गेला म्हणजे तेथेच तुटते. तुणतुण्याची साथ, दिवटीचा उजेड, देवतांना आवाहन, मग आख्यान, आणि आख्यानात प्रसंगोपात्त घातलेला विनोद: रात्रभराचा हा प्रयोग मुख्य गोंधळ्याने पेलायचा म्हणजे स्मरणशक्ती, गळा आणि अभिनय ह्या तिन्हींची कसोटी लागते. येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत लाखो हात चुनखडीचे खडे वेचतात आणि त्या चुन्याने देवीचे मंदिर उजळते, हेही सामूहिक कलाकर्मच आहे. रा. चिं. ढेरे आणि प्रभाकर मांडे ह्यांच्यासारख्या संशोधकांनी ह्या उपासकांच्या परंपरेचे मोल ओळखून ग्रंथ लिहिले. परंतु ग्रंथात नोंद झाली म्हणून कला जगते असे नाही.

इतिहासाने ह्या जिल्ह्याला आणखी एक वारसा दिला आहे, त्याचीही आठवण करून देणे आवश्यक वाटते. निजामी अमदानीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू, मराठवाड्यात विद्यापीठ नाही, आणि गश्ती निशाण ५३ ह्या सरकारी परिपत्रकाने जाहीर सभा भरवायची तर पूर्वपरवानगीचा जाच. अशा काळात मराठी माणसाने वाचनालये काढली, गणेशोत्सवात मेळे बसवले, आणि शाळा उभ्या केल्या. आपल्या जिल्ह्यातील हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१मध्ये सुरू झाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून सर्वपरिचित झालेले व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते, आणि १९३२मध्ये संन्यासदीक्षाही त्यांनी तेथील वास्तव्यातच घेतली. खेड्यातल्या एका शाळेभोवती राज्याचा इतिहास घडवणारी माणसे गोळा होऊ शकली, कारण ती शाळा रोज भरत होती. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८मध्ये मिळाले. ग्रंथालयांच्या अनुदानाचा कायदा १९६७मध्ये झाला. ज्या पिढीला परवानगीवाचून सभा घेता येत नव्हती तिने आपल्या मागे संस्था ठेवल्या, आणि ज्या पिढीला कोणाचीही आडकाठी नाही तिने केवळ उत्सव ठेवावेत, ही तुलना मला अस्वस्थ करते.

आज ह्या जिल्ह्यात विद्यापीठ नाही असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे उपकेंद्र धाराशिव येथे २००४पासून आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल १९८०च्या दशकापासून असून तेथे देशाच्या अनेक प्रांतांतून विद्यार्थी येतात. शिवाय कळंब, उमरगा, परंडा, भूम येथे महाविद्यालये आहेत. त्यांतील मुले दरवर्षी विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी जलसा बसवतात, भारूड बसवतात, पोवाडा म्हणतात, आणि त्यांपैकी काहींचे काम पाहून थक्क व्हावे अशी ती गुणी असतात. महोत्सव चार दिवसांचा. तो संपला की डफ कपाटात जातो, वेशभूषा भाड्याने आणलेली असते ती परत जाते, आणि त्या मुलाला पुन्हा रंगमंचावर उभे राहण्याची संधी पुढच्या वर्षापर्यंत मिळत नाही. तोवर तो पदवीधर होऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसलेला असतो. मराठवाड्यातील मुलांत नाटकाची कुवत आहे की नाही हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. कमलाकर सोनटक्के ह्यांनी विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग घडवला, औरंगाबादेत ‘जिगीषा’ उभी राहिली, आणि चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही नावे पुढे साऱ्या महाराष्ट्राच्या रंगभूमीवर गाजली. गुण होता म्हणून हे घडले, हे खरेच. पण तालीम करायला रोजची जागा, वाद घालायला मित्रमंडळी आणि चुकले तर सांगणारा गुरू मिळाला म्हणून तो गुण फळाला आला, हेही तितकेच खरे.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात मांडायचे तर असे आहे, की धाराशिवला तिसऱ्या संमेलनाची घाई नाही; त्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी भरणारी एक बैठक हवी आहे, आणि तिचे यजमानपद उपकेंद्राने घ्यावे. शनिवारी संध्याकाळी उपकेंद्राचे एक सभागृह गावासाठी उघडे राहील एवढा ठराव झाला तरी पुष्कळ झाले. एका शनिवारी नवकवीने आपल्या कविता वाचाव्यात आणि नंतर मौन धरून ऐकून घ्यावे, दुसऱ्या शनिवारी एकांकिकेची तालीम सर्वांसमक्ष व्हावी, तिसऱ्या शनिवारी तेरच्या संग्रहालयातील एखाद्या वस्तूवर जाणकाराने बोलावे. आमच्या मातीने भास्कर चंदनशिव ह्यांच्यासारखा कथाकार दिला, ज्यांची टोमॅटोच्या भावाची कथा ‘लाल चिखल’ साऱ्या महाराष्ट्रातील मुलांनी शाळेच्या पुस्तकात वाचली. ती कथा कळंबच्या बाजाराजवळच्या गावात वाचून दाखवली जावी आणि ऐकणाऱ्यांत भाजी विकायला आलेला शेतकरीही असावा, ह्याहून त्या कथेचा मोठा सन्मान मला दिसत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र माझा आग्रह तडजोडीचा नाही. ह्या बैठकीत गोंधळी आणि आराधी हे पाहुण्यांच्या करमणुकीसाठी उद्घाटनापूर्वी दहा मिनिटे वाजवणारे म्हणून येता कामा नयेत. ते गुरू म्हणून आले पाहिजेत. आजवर दीपप्रज्वलनापूर्वी संबळ वाजवून घेण्याची, आणि मान्यवर स्थानापन्न झाले की कलावंताला बाजूला करण्याची जी रीत पडली आहे, ती अपमानकारक आहे. पदवी नाही म्हणून विद्यापीठात शिकवता येत नाही ही सबबही आता टिकणारी नाही, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३मध्येच स्थानिक कलावंत व कारागीर ह्यांना ‘कलागुरू’ म्हणून उच्च शिक्षण संस्थांत नेमण्याची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आहेत. नियम आहे, माणसे तुळजापुरात आहेत, शिकू इच्छिणारी मुले वसतिगृहात आहेत. मधले अंतर अवघे पाऊण तासाचे. त्या वृद्ध गोंधळ्याला मानधन रोख आणि वेळेवर मिळावे, त्याच्या आख्यानांचे ध्वनिमुद्रण व्हावे, आणि त्या मुद्रणाची एक प्रत त्याच्या घरी राहावी. त्याच्या मुलाला कारखान्यात जायचे असेल तर त्याने अवश्य जावे. पण संबळ सोडल्यावाचून पोट भरत नाही म्हणून त्याला जावे लागू नये.

खर्चाचा भार एकट्या विद्यापीठावर टाकणे न्यायाचे होणार नाही, हे आयोवाच्या अनुभवावरून सांगितलेच आहे. नगरपरिषदेने आपल्या अंदाजपत्रकात कलेसाठी निराळे सदर उघडावे, जिल्हा नियोजन समितीने त्यात भर घालावी, आणि व्यापाऱ्यांनी गणेशोत्सवाच्या वर्गणीतून एक लहानसा हिस्सा ह्या कामाकडे वळवावा. सार्वजनिक वाचनालयांनी आपले दालन तालमीसाठी संध्याकाळी उघडे ठेवावे. शासनाचे अनुदान घेणाऱ्या ‘अ’ वर्गापासून ‘ड’ वर्गापर्यंतच्या वाचनालयांना हे करणे अवघड नाही.

विद्यापीठाचे कुलगुरू, उपकेंद्राचे संचालक आणि नगरपरिषदेचे पदाधिकारी ह्यांच्याकडे ह्या लेखाद्वारे मी ही जाहीर दरखास्त सादर करीत आहे: येत्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या शनिवारी उपकेंद्राचे सभागृह गावाला खुले करावे, आणि पहिल्या बैठकीचे निमंत्रण तुळजापूरच्या एखाद्या कदमराई गोंधळ्याला, मानधनाची रक्कम पत्रात नमूद करून, आजच पाठवावे. ज्या वाचकांना हे पटत असेल त्यांनी आपापल्या वाचनालयाच्या, महाविद्यालयाच्या आणि मंडळाच्या वतीने ह्या मागणीचे पत्र उपकेंद्राच्या नावे लिहावे.